उस्ताद आणि उमेदवार



एअर-कंडिशनर व शीतयंत्रें यांच्या धंद्यांत आपलीं कित्येक मुलें आज उमेदवारी करीत आहेत. त्यांच्या शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी आनंदानें शिरोधार्य मानतों.

आय्. टी. आय्. मध्यें या धंद्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. परंतु पुस्तकानें धंद्याची ओळख होते. हात बसतो तो कामावरच. तांब्याच्या नळीचें तोंड फुलवितांना किती जोर द्यावा, डाख देतांना ज्योत केव्हां मागें घ्यावी, हें उस्तादाच्या शेजारीं उभें राहिल्यानेंच समजतें.

तथापि शेजारीं उभें राहणें म्हणजे केवळ शिडी धरणें व सामान वाहणें नव्हे. कित्येकदां उमेदवाराचे महिन्यामागून महिने असेच जातात. काम कसें होतें तें तो पाहतो, पण कां तसें करावयाचें हें त्यास कोणी सांगत नाहीं; आणि या धंद्यांत तें न कळणें प्राणावर बेततें.

एक उदाहरण घ्या. गळती तपासण्यासाठीं नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानें भरतात. डाख देण्यासाठीं आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जवळच असतो. सगळे वायु सारखेच, असें समजून मुलानें तो जोडला, तर दाबाखालील ऑक्सिजनचा काँप्रेसरच्या तेलाशीं संयोग होऊन भयंकर स्फोट होऊं शकतो. नुसती आज्ञा मुलगा विसरेल. कारण समजल्यावर विसरणार नाहीं.

तीच गोष्ट व्हॅक्यूम पंपाची. नळ्यांत ओल राहिल्यास आंत आम्ल तयार होऊन काँप्रेसर नासतो. घाईनें पंप लावण्याचें टाळणाऱ्या उस्तादापासून उमेदवार टाळाटाळच शिकतो. शिवाय उस्तादासही नवें शिकणें प्राप्त आहे. जुन्या आर-२२ ला आगीचें भय फारसें नव्हतें. नवा आर-३२ मंदपणें कां होईना पेटतो, आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच होय.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें शिकविण्याची जबाबदारी मालकावर व मनःपूर्वक शिकण्याची उमेदवारावर ठेविली आहे. म्हणून उस्तादांना माझी विनंति अशी कीं, ज्योत मुलाच्या हातीं द्या, आपण शेजारीं उभे राहा आणि कारण सांगा. मुलांनो, तुम्हीही कारण विचारण्यास लाजूं नका. उद्यां तुमच्या हाताखालीं मूल येईल; उस्तादाचें ऋण त्यास शिकवूनच फेडावयाचें आहे.