आकाशवाणीने नाकारलेली गाणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आणि विषय दिला ‘आपली गाणी’. यातले ‘आपली’ म्हणजे कोणाची, हे एकदा सरकारनेच ठरवायला घेतले होते. तेवढेच सांगतो.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी गृहस्थ, विद्वान, गाण्याचे जाणकार. नव्या देशाचा कान रागसंगीतावरच घडला पाहिजे, असे त्यांचे मत. चित्रपटगीते त्यांना उथळ वाटत, परक्या चालींची उसनवारी वाटे. आकाशवाणीने या गाण्यांचा वेळ कापला, चित्रपटाचे नाव सांगणे बंद केले. निर्मात्यांशी बिनसले आणि गाणी जवळजवळ नाहीशीच झाली.

लोकांनी काय केले? काटा फिरवला! रेडिओ सिलोन लागले. बुधवारी रात्री आठ वाजता, ‘बिनाका गीतमाला’च्या वेळी, आपल्यापैकी किती जणांचा अभ्यास बंद पडायचा, ते इथे गुरुजनांसमोर विचारत नाही. रागदारीची ओळख असलेली घरे आपल्या वर्गात दोन-तीनच असतील. बाकीच्यांच्या कानी गाणे पडले ते कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओतून. त्यांचा देश काय वेगळा होता? शेवटी १९५७ साली ‘विविध भारती’ आली आणि सरकारने माघार घेतली.

पण केसकरांना नुसते हसून मोकळे होणे मला पटत नाही. शनिवारी रात्री मोठमोठे गवई साऱ्या देशाला ऐकू येऊ लागले ते त्यांच्याच काळात. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर ‘गीतरामायण’ झाले, तेही त्यांच्याच काळात. गंमत अशी, की गदिमा आणि बाबूजी दोघेही सिनेमात मुरलेले!

आणि सी. रामचंद्र? पुणतांब्याचा हा माणूस. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी गोव्याच्या चिक चॉकलेटच्या वादकांना घेऊन ट्रम्पेट वाजवून घेतला. मंत्र्यांना खटकणारा मालमसाला तो हाच. चीनशी युद्ध झाल्यावर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचे गीत म्हटले. त्याची चाल याच रामचंद्रांची. ती चाल परकी आहे, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आज संध्याकाळी फक्त भावगीते आणि देशभक्तिपर गीते हवीत, सिनेमा नको, असा आपल्या व्हॉट्सॲप गटावर आग्रह होता. मी विरोध केला. सिनेमावाल्यांना वगळले, तर त्या दोन्ही याद्यांत फारसे काही उरत नाही. वाद दोन दिवस चालला, एक-दोघे रुसलेही. ‘अलबेला’ पाचव्या क्रमांकावर आहे. रुसलेल्यांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या आहेत.