दारात कोर्टाचा माणूस आला तर

गटाच्या बैठकांत सध्या एक विषय सारखा निघतो आहे, तोच आज घेऊन आलो आहोत. कोर्टाचा दंड थकला आणि दारात कोणी उभं राहिलं, तर तो माणूस काय नेऊ शकतो आणि काय नाही?

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आहे म्हणून खटलेही आहेत. नवऱ्याला किंवा पोराला दंड होतो, तो भरायचा राहून जातो, आणि घरातल्या बाईला ते कळतं थेट दारावर थाप पडल्यावर. आमच्या एका गटातल्या ताईकडे असाच एक जण आला होता. हातात फाईल, तोंडात धमकी : "आत्ता दोन हजार द्या, नाहीतर बकऱ्या नेतो." ताई म्हणाली, "बकरी माही हाय, गटाच्या पैशाची. तुमचा कागद दाखवा पहिले." कागद काही निघाला नाही. "उद्या येतो" म्हणून गेला, तो परत फिरकला नाही.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. वॉरंटवर कोर्टाचा शिक्का असतो, सही असते, कोणाचं नाव आणि किती रक्कम ते लिहिलेलं असतं. दिवाणी कोर्टाच्या वॉरंटवर ते कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं तेही असतं. आधी ओळखपत्र पाहा, मग कागद वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा. फोटो काढून ठेवा. हातात रोख पैसे पावतीशिवाय देऊच नका.

आता बेलिफ म्हणजे कोण? तो दिवाणी कोर्टाचा कर्मचारी, नाझराच्या हाताखाली काम करणारा. उधारी, शेतीची वाटणी, घराचा कबजा असे दावे दिवाणी कोर्टात चालतात. त्यांची समन्स पोचवणं आणि निकालानंतर जप्ती करणं हे त्याचं काम. फौजदारी दंडाचं तसं नाही. तिथे कोर्ट दोन वाटांनी वसुली करतं. एक, पोलिसाला किंवा दुसऱ्या कोणाला वॉरंट देऊन गुन्हेगाराची जंगम मालमत्ता जप्त करून विकायची. दुसरी, वॉरंट कलेक्टरकडे पाठवायचं, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ही दुसरी वाट धरली असेल, तर त्या वॉरंटावर माणसाला अटक करता येत नाही.

इथे एक शब्द नीट ऐका : गुन्हेगाराची मालमत्ता. दंड नवऱ्याला झाला तर जप्ती नवऱ्याच्या वस्तूंची. तुमच्या कर्जातून घेतलेली शिलाई मशीन, तुमच्या नावची बकरी ही त्याची नाही. पण हे तोंडाने सांगून भागत नाही. गटाचा ठराव, कर्जाची नोंद, खरेदीची पावती हे सगळं अशा वेळी कामाला येतं. वस्तू नेलीच तर ती आपली असल्याचा अर्ज कोर्टात करता येतो. गटाची वही नीट लिहा म्हणून आम्ही दर महिन्याला कटकट करतो, ती काही नुसत्या बँकेसाठी नाही.

मुळात प्रकरण जप्तीपर्यंत जाऊ देऊ नये. नुसत्या दंडाची शिक्षा असेल आणि पैसे लगेच नसतील, तर कोर्ट ३० दिवसांची मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. मागावं लागतं, निकालाच्या वेळीच. आपले लोक मान खाली घालून बाहेर येतात आणि मग सावकार शोधतात, हे आम्हाला पटत नाही. दंड न भरल्यास इतके दिवस कैद, असं निकालात असेल, तर कैदेत असतानाही पैसे भरता येतात. सगळा दंड भरला की सुटका, थोडा भरला तर त्या प्रमाणात दिवस कमी. आणि ती कैद पूर्ण भोगून झाली असेल, तर पुन्हा वसुलीचं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारणं लेखी द्यावी लागतात. नवरा वारला तरी दंड सुटत नाही, पण तो त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर असतो, तुमच्या कमाईवर नाही.

दिवाणी जप्तीचे नियम १९०८ च्या कायद्यातले आहेत, आणि बायकांच्या बाजूचे त्यात बरेच आहेत. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बेलिफाला राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, पोट भरायला लागणारे बैल आणि बियाणं, कारागिराची हत्यारं, मजुराची मजुरी, शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर हेही सुटतं. घरच गहाण टाकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होत नाही. जप्ती झालीच तर यादी करून घ्या, पंचांच्या सह्या पाहा. धक्काबुक्की मात्र करू नका, सरकारी कामात अडथळ्याचा नवा गुन्हा अंगावर येतो.

समन्सवर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं आपल्याकडे अजून समजतात. सही म्हणजे फक्त कागद मिळाला. घेतला नाही तर तो दाराला डकवतात आणि तारीख तुमच्याविना निघून जाते. पूर्वी फौजदारी समन्स घरातल्या मोठ्या पुरुषाकडेच देत. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात 'पुरुष' हा शब्द राहिला नाही, आता ते तुमच्या हातातही देतील. तर घ्या, आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

फायनान्स कंपनीचा वसुलीवाला हा बेलिफ नव्हे. त्याला घरातली वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे छोट्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायलाही त्याला मनाई आहे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, असं तुम्ही विचाराल. बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी वकील फुकट मिळतो. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन १५१००. जाताना वॉरंट किंवा समन्स, आधार कार्ड आणि गटाची वही घेऊन जा. एकटीला धाकधूक वाटत असेल तर गटातल्या दोघी जणी सोबत न्या.