बादलीतली परीक्षा

गंगापूर रोडवरच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांसाठी आम्ही मालकाकडे बॅटऱ्या मागितल्या. मिळाल्या, खोक्यावर ‘पाण्यात चालणारी’ असे छापलेले. 2016 च्या ऑगस्टातला गोदावरीचा पूर पाहिलेली आमची माणसे; छापील शब्दावर त्यांची भिस्त थोडी. तेव्हा परीक्षा घरीच घेतली.

सेल काढले, आत टीपकागदाची कोरडी सुरळी घातली, झाकण घट्ट फिरवले आणि वर दगड ठेवून बॅटरी बादलीत अर्धा तास बुडवली. सांध्यातून बुडबुड्यांची माळ निघाली की आतले रबरी कडे गेले समजावे. उन्हात तापलेली बॅटरीही एकदा बुडवून पाहावी. गार पाण्यात आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. उघडण्यापूर्वी मात्र बाहेरून नीट पुसा, नाहीतर आपल्याच हातचे पाणी आत जाऊन बिचारीवर खोटा आळ यायचा.

खोक्यावर आयपीएक्स 4 असेल तर ती शिंतोड्यांपुरती. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपली बादली तेवढी खोल नसते.

आमच्या दहांपैकी सहांचे कागद भिजले. ते तसेच ओले मालकाच्या टेबलावर मांडले. बदली माल आठवड्याने आला. पाऊस त्याआधीच आला होता.