धान सुकवणी यंत्रातील तापमान सेन्सरचे दोष
(धान बीजोत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



इटियाडोह आणि बाघ प्रकल्पाच्या पाण्यावर आपल्याकडे उन्हाळी धान होते. मे महिन्यात ते कापणीला येते आणि नेमके त्याच दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येते. कडपा भिजतो, खळ्यावरचे धान भिजते. म्हणून गटागटांतून सुकवणी यंत्रे घेतली जात आहेत. यंत्र साधे आहे. हिटर हवा तापवतो, पंखा ती हवा जाळीखालच्या पोकळीत ढकलतो आणि जाळीवरच्या धानातून ती वर निघते. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो धान १३ टक्क्यांवर आणायचे म्हणजे सुमारे ८ किलो पाणी काढायचे. हिटर केव्हा चालू आणि केव्हा बंद हे कंट्रोलर ठरवतो, आणि कंट्रोलरला डोळे एकच : बोटाएवढी धातूची नळी, म्हणजे तापमानाचा सेन्सर. आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

बियाण्याच्या धानासाठी हवा ४३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू देऊ नये. त्यापुढे अंकुर मरू लागतो. दाणा मात्र तसाच पिवळा, टणक दिसतो. नुकसान कळते ते उगवण चाचणीत, आणि तिची अंतिम मोजणी चौदाव्या दिवशी असते. प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. तेवढी भरली नाही तर सारा लॉट नापास होतो. मग बियाण्याच्या भावाचे धान गिरणीच्या भावाने विकावे लागते.

सेन्सर दोन बाजूंनी चुकतो. आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवला तर हिटर लवकर बंद पडतो, धान ओले राहते आणि आपण पंख्याला दोष देत बसतो. यात वेळ आणि वीज जाते. आकडा कमी दाखवला तर मात्र हिटर तापतच राहतो. पडद्यावर ४० आणि पोकळीत ५५, असे होऊ शकते. म्हणून माझ्या मते कमी आकड्याची भीती जास्त बाळगावी.

कमी आकड्याचे नेहमीचे कारण सेन्सरच्या आत नसतेच. नळी धक्क्याने भोकातून बाहेर सरकते आणि बाहेरची हवा मोजू लागते. कोणी ती धानात खुपसून ठेवतो. ओल्या धानातून पाणी उडताना गारवा तयार होतो, त्यामुळे तेथे तापमान कमीच दिसणार. सेन्सरची जागा हिटरच्या पुढे आणि धानाच्या आधी, वाहत्या हवेत. तारेचे वेष्टण उंदराने कुरतडले किंवा सांध्यात ओल शिरली तरी आकडा खाली येतो.

तपासणीला आधी काचेचा थर्मामीटर घ्या. बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात थर्मामीटर आणि नळीचे टोक शेजारी बुडवा. तारेचा सांधा पाण्याबाहेर राहू द्या. दोन्ही आकडे जुळले तर सेन्सर ठीक, जागा तपासा. जुळले नाहीत तर वीज मुख्य स्विचवरून बंद करा, सेन्सरच्या तारा कंट्रोलरपासून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा.

आपल्याकडे या यंत्रांत पीटी-१०० जातीचा सेन्सर पुष्कळदा असतो. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, ३० अंशाला सुमारे १११.७ आणि ४३ अंशाला ११६.७ ओहम. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.४ ओहमची वाढ. टर्मिनलचा स्क्रू गंजून एक ओहम वाढला की दोन तारांच्या जोडणीत पडद्यावर अडीच अंश चढतात. म्हणून नवा सेन्सर आणण्याआधी स्क्रू घासून आवळा. काम पुष्कळदा तेवढ्यातच होते. तीन तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारांमध्ये रोध जवळजवळ शून्य हवा. वेगळ्या रंगाच्या तारांमध्ये शून्य आला तर आत तारा चिकटल्या आहेत, आणि काहीच आकडा आला नाही तर आत तार तुटली आहे. दोन्ही वेळा सेन्सर बदलायचा.

बदलताना जात तीच घ्या. घरच्या विजेच्या ओव्हनमध्येही असाच सेन्सर असतो आणि तपासणीची रीतही हीच. पण पुष्कळ ओव्हनमध्ये तो शून्य अंशाला १००० ओहमचा असतो, साध्या खोलीत १०८० च्या आसपास दाखवतो. तो येथे चालणार नाही. काही यंत्रांत थर्मोकपल असते. त्याच्या दोन तारा उलट जोडल्या तर यंत्र तापताना आकडा उतरत जातो. रोध बरोबर असूनही आकडा चुकत असेल तर कंट्रोलरमध्ये सेन्सरची जात चुकीची निवडली आहे का ते पाहा.

धान भरलेले, बाहेर पाऊस, आणि सेन्सर गेला, अशी वेळ आली तर? हिटर बंद करा, पंखा चालू ठेवा. सुकवण मंदावेल, पण धान आतून तापणार नाही. हिटर सरळ जोडून अंदाजाने चालवण्याचा मोह बियाण्याच्या बाबतीत टाळावा.

शेवटी यंत्र घेतानाची एक गोष्ट विक्रेत्याला जरूर विचारा. मुख्य कंट्रोलरपासून स्वतंत्र, स्वतःच्या वेगळ्या सेन्सरवर चालणारा आणि ठरवलेल्या तापमानाला हिटर तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट यंत्रात आहे का? नसेल तर तो बसवून घ्या आणि बियाण्यासाठी ४५ अंशांवर लावा.