शहराची वाहतूक आणि मोटारीचा मोह
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



उभा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेल्या आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तराने वाहतुकीवर बोलावे, हा कार्यकारी मंडळाचा आग्रह. अभियंत्याचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. परंतु मुंबईत पायी, बसने आणि लोकलने आयुष्य काढल्यामुळे चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

मुंबई वाढली ती सर्वांच्या वाहनांवर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली आणि १९२६ साली बस सुरू झाली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. रहदारीस अडथळा म्हणून ट्राम गेली. तिला जाऊन साठ वर्षे लोटली. अडथळा मात्र गेला नाही.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात दिसू लागली. पुढे ती सोयीची वस्तू न राहता प्रतिष्ठेची झाली. आम्हीही या मोहातून सुटलो नाही. चिरंजीवांच्या लग्नापूर्वी, व्याही मंडळी काय म्हणतील या धास्तीने, कर्ज काढून मोटार घेतली. आज ती चोवीस तासांपैकी बावीस तास उभीच असते.

येथे शाळेतले गणित मांडू. मोटार उभी करण्यास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. चाळीतील दहा-बाराची खोली याहून लहान! पन्नास माणसे एका बसमधून गेली, तर सुमारे बारा मीटर रस्ता व्यापतात. तीच एकेकटी पन्नास मोटारींतून निघाली, तर रांग दोनशे मीटरांहून लांब होते. विजेची मोटार धूर सोडत नाही, हे खरे. पण जागा तेवढीच अडविते.

म्हणून शहराचे भवितव्य पुन्हा सामायिक वाहनांतच आहे, असे आम्हांस वाटते. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. २०२५ साली आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग पूर्ण झाला. स्थानकापासून घरापर्यंत वेळेवर बस आणि चालण्याजोगा पदपथ मिळाला, तर पुष्कळांस मोटारीची गरजच उरणार नाही. वृद्ध व रुग्ण यांना दारापर्यंत वाहन हवेच. परंतु त्यासाठी हल्ली टॅक्सी घरबसल्या बोलाविता येते.

आता घरचा प्रश्न. विद्यार्थी वसतिगृहासाठी राखलेल्या आपल्या जागेवर मोटारतळ करावा, अशी सूचना गतवर्षीच्या सभेत आली. तिला अनुकूल म्हणून हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. आज तो हात आम्ही खाली घेत आहोत. एका मोटारीच्या जागेत गावाकडची दोन मुले राहून शिकू शकतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्गणी काढून ती जागा घेतली, ती मुलांसाठी, वाहनांसाठी नव्हे.

पुढील संमेलनास आम्ही बसने येऊ. आपणही यावे, ही नम्र विनंती करून आपली रजा घेतो.