तडा, तरंग आणि वेळ



तडा गेलेली वस्तू कमकुवत असते, हे सांगण्यासाठी विज्ञानाची आवश्यकता नाही. ती किती कमकुवत असते, याचे गणित मात्र ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मांडले. तड्याची लांबी चौपट झाली की पदार्थाची ताण सोसण्याची क्षमता निम्म्यावर येते, हे त्यांच्या सूत्राचे तात्पर्य. आपल्यापैकी अनेकांनी हे सूत्र पाठ केले असेल; परंतु त्यात दडलेले गृहीतक सहसा कोणी विचारात घेत नाही. ते म्हणजे भार सावकाश वाढत जातो. सुरुंग किंवा बंदुकीची गोळी इतका धीर धरीत नाही.

आघात होताच संपूर्ण वस्तूला त्याची वार्ता कळत नाही. ती प्रतिबलाच्या तरंगाने पुढे जाते. ग्रॅनाइटमध्ये या तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ५ मिलिमीटर असतो. आता २० मायक्रोसेकंद टिकणारा एक ताणाचा तरंग १ मीटर लांबीच्या तड्यावर समोरून आदळला, अशी कल्पना करा. तड्याच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास २०० मायक्रोसेकंद लागतील. तोवर आघात संपलेलाही असेल! म्हणजेच त्या टोकाच्या दृष्टीने तडा १ मीटरचा असो वा २ मीटरचा, फरक काहीच पडत नाही. येथे लांबीपेक्षा आघात किती काळ टिकला, यालाच महत्त्व येते. टोकापाशी साचणारी प्रतिबलाची तीव्रता काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जाते. ती पुरेशी होण्याआधीच तरंग ओसरला, तर तडा जागचा हलत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. सावकाश ताणलेल्या काचपट्टीतील सर्वांत घातक तडा प्रथम धावतो, आसपासचा ताण हलका होतो आणि इतर तडे वाचतात. तीव्र आघातात मात्र ही सुटकेची वार्ता शेजारच्या तड्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेही धावू लागतात. शिवाय तड्याच्या वेगालाही मर्यादा आहे. काचेत तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटरच्या पुढे सहसा जात नाही. त्याआधीच त्याला फाटे फुटू लागतात. म्हणून हळू वाकविलेली पट्टी दोन-चार तुकड्यांत मोडते, तर स्फोटाने तिचा चुरा होतो.

खाणीतील सुरुंगाचे काम बऱ्याच अंशी यावरच चालते. खडक दाब भरपूर सोसतो, ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. स्फोटाचा दाबतरंग मोकळ्या पृष्ठभागावरून परावर्तित होताना ताणतरंग बनतो आणि तेथील कपच्या सुटतात. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी पट्ट्यांवर हाच परिणाम अभ्यासला होता: स्फोटक एका बाजूला, कपची उडते ती दुसऱ्या बाजूने. सुरुंगांच्या रांगा काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवितात, त्यामागे प्रत्येक रांगेला नवा मोकळा पृष्ठभाग मिळावा हाही हेतू असतो.

जे तंत्र खडक फोडण्यास उपयोगी, तेच बोगद्यात जिवावर बेतते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत ‘रॉकबर्स्ट’साठी त्या कुप्रसिद्ध होत्या. प्रचंड दाबाखालील खडक एके ठिकाणी अकस्मात तुटतो, तेथून निघालेले तरंग दूरच्या बोगद्याच्या भिंतीवर पोहोचतात, आणि तिथे आधीच तडकलेला खडक वेगाने आत फेकला जातो. राष्ट्रीय शैल यांत्रिकी संस्था १९८८ मध्ये कोलार सुवर्णक्षेत्रातच स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग नव्हे.

अशा ठिकाणी केवळ ताठ आधार पुरत नाही. तो एका झटक्यात तुटू शकतो. त्याऐवजी ताण आल्यावर थोडे लांबणारे बोल्ट आणि त्यांना जोडलेली जाळी वापरतात. सुटलेला खडक त्या जाळीला ढकलतो, बोल्ट काही सेंटिमीटर ताणले जातात आणि खडकाची गतिज ऊर्जा तेथेच खर्ची पडते.