हॅंडलवरच्या माणसाची जखम

(रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात एका मोटरमनने केलेले भाषण)



मी आज वेतनश्रेणीवर बोलणार नाही. आपल्या मागणीपत्रात जिला अजून नीट जागा मिळालेली नाही, अशा एका जखमेविषयी बोलणार आहे.

एका सकाळी एक माणूस रूळ ओलांडत होता. मी हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. पण वेगातली गाडी जागच्या जागी थांबत नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, तेवढेच. कंट्रोलला कळवले, प्रेत हलवले गेले आणि थोड्या वेळाने तीच गाडी मीच पुढे नेली. घरी येऊन जेवलोसुद्धा.

तिसऱ्या रात्रीपासून झोप उडाली. डोळा लागला की तो चेहरा दिसे. त्या ठिकाणी गाडी आली की हाताला घाम फुटे. घरी मुलांवर उगाच खेकसत असे. सोबती म्हणाले, "आपल्या लाइनीत हे चालायचंच. थोडी घे आणि झोप." तेही करून पाहिले. झोप आली नाही. सवय मात्र लागू लागली.

शेवटी एक जुने गार्ड जवळ येऊन बसले. काय घडले ते त्यांनी खोदून विचारले नाही. म्हणाले, "चूक तुझी नव्हती हे तुला कळतं, पण मन मानत नाही, होय ना?" दुसऱ्या दिवशी ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

साथींनो, हा भित्रेपणा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांच्या सुधारित यादीत आघातानंतरच्या या मनोविकाराचा समावेश केला. अशा धक्क्यानंतर झोप न लागणे, दचकणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे स्वाभाविक आहे. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही तो टिकला किंवा काम करणेच अशक्य झाले, तर उपचार घ्यावेत. त्याने गुण येतो. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे. तो प्रत्येक रनिंग रूममध्ये लावा.

पण आपला माणूस डॉक्टरकडे का जात नाही? 'अनफिट' शिक्का बसेल ही भीती, आणि गाडी चालवली नाही तर किलोमीटरचा भत्ता बुडतो ही चिंता. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. अशा घटनेनंतर शक्य तितक्या लवकर दुसरा माणूस देऊन त्याला हॅंडलवरून मोकळे करावे. भत्ता न कापता विश्रांती द्यावी. जबाब त्याच रात्री घेऊ नये. समुपदेशन गुप्त असावे. ज्यांचे हात ते प्रेत उचलतात, त्या ट्रॅकमन आणि हमालांनाही हेच मिळाले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत एवढे तरी करा: त्या रात्री सोबत्याला एकटे घरी पाठवू नका. त्याला बोलायचे असेल तर ऐका, नसेल तर नुसते बसा. बाटली पुढे करू नका.

त्या माणसाचे नाव मला आजही ठाऊक नाही. तो रूळ का ओलांडत होता? तिथे जवळपास पूल नव्हता. पादचारी पुलाची मागणीही आपलीच आहे. त्या पुलाने त्याचा जीव वाचला असता आणि माझी झोपही.

कामगार एकजुटीचा विजय असो!